दडविलेला दस्तऐवज आणि न्यायालयाचा दंड

१७२२ सालीं लंडनच्या न्यायालयांत एका पोरसवदा मुलानें एका सराफावर दावा लावला. हा मुलगा घरांचीं धुराडीं साफ करण्याचें काम करी. त्याला कोंदणांत बसविलेलें एक रत्न सांपडलें. तें काय आहे हें विचारण्यासाठीं तो पॉल डी लामेरी नांवाच्या सराफाच्या दुकानीं गेला. दुकानांतील उमेदवारानें वजन करण्याच्या मिषानें कोंदणांतील खडे काढून घेतले आणि याचे दीड पेनी होतात असें धन्याला सांगितलें. धन्यानें तेवढे पैसे मुलापुढें केले. मुलानें ते नाकारले आणि आपली वस्तु परत मागितली. तेव्हां त्याच्या हातीं रिकामें कोंदण ठेवण्यांत आलें.

मुलाचा हक्क न्यायालयानें मान्य केला. पण नुकसानीची रक्कम कशी ठरवावयाची? खडा कसा होता हें सांगूं शकणारा एकटा सराफ, आणि त्यानें तर तो न्यायालयांत आणलाच नाहीं. सरन्यायाधीश प्रॅट यांनीं ज्यूरीला सांगितलें कीं, प्रतिवादी जोंपर्यंत खडा हजर करून तो उत्तम पाण्याचा नाहीं असें दाखवीत नाहीं, तोंपर्यंत त्याच्याविरुद्ध जितकें कडक अनुमान करतां येईल तितकें करावें आणि त्या कोंदणांत बसूं शकेल अशा अत्युत्तम रत्नाची किंमत हेंच नुकसानीचें माप धरावें.

कायद्याच्या ग्रंथांतून हा निकाल आजही उद्धृत होतो. त्यांतील दृष्टि साधी आहे. पुरावा ज्यानें दडविला, त्याच पुराव्याच्या अभावाचा लाभ त्याला मिळूं देऊं नये. धंद्याच्या खरेदीविक्रीवरून भांडण न्यायालयांत गेलें आणि एका पक्षानें कागदपत्रें दाखविण्याचा हुकूम मोडला, तर न्यायालय जो दंड करतें त्याच्या मुळाशीं हीच दृष्टि आहे. त्या दंडाला मर्यादा कोठें पडते, हेंही या खड्याच्या गोष्टीवरूनच उमगण्याजोगें आहे.

घर विकत घेणारा मनुष्य भिंतीला हात लावून पाहतो, विहिरीचें पाणी चाखतो, पावसाळ्यांत छप्पर गळतें काय हें शेजाऱ्याला विचारतो. चालता धंदा घेणाऱ्याला अशी सोय नसते. गिऱ्हाइकांकडून येणें असलेल्या रकमांपैकीं खऱ्या किती आणि बुडीत किती, गोदामांतला माल खपणारा कीं पडून राहिलेला, नफ्याचा आंकडा विक्रीनें वाढला कीं हिशेबनिसाच्या लेखणीनें, हें सर्व कागदांत असतें आणि तो कागद दुसऱ्याच्या कपाटांत असतो. त्यांतच मोठ्या सौद्यांत आणखी एक गुंतागुंत होते. घेणारी कंपनी सगळी किंमत रोख देत नाहीं. थोडी रोकड आणि बाकीचे आपले शेअर देते. तेव्हां धंदा विकणाराही एका अर्थीं खरेदीदारच होतो. आपला चालता कारखाना देऊन तो दुसऱ्याचे कागदी भाग घेत असतो, आणि त्या भागांमागें खरोखर काय आहे हें त्याला समोरच्याच्या शब्दावरून मानावें लागतें.

पुढें फसवणूक झाल्याचा आरोप आला, तर सिद्ध करावयाचें असतें तें हें कीं, समोरच्याला सत्य ठाऊक होतें. एखाद्याला काय ठाऊक होतें याचा पुरावा बहुधा त्याच्याच दप्तरांत असतो. म्हणूनच इंग्रजी पद्धतीच्या न्यायव्यवस्थेंत एक विशेष रीत निर्माण झाली. वादाशीं संबंध असलेलीं आपल्या ताब्यांतील कागदपत्रें, तीं आपल्याला अनुकूल असोत वा प्रतिकूल, प्रतिपक्षाला दाखविणें पक्षकारावर बंधनकारक करतां येतें. या रीतीला ‘डिस्कव्हरी’ म्हणतात. मराठींत प्रकटन म्हणावें. शत्रूच्या हातीं आपणच शस्त्र द्यावयाचें, हें सामान्य माणसाला विचित्र वाटेल. अमेरिकेंत तर वकिलांच्या श्रमांचा आणि अशिलाच्या पैशाचा फार मोठा भाग सुनावणीपूर्वींच्या या कामांतच खर्ची पडतो, आणि तिचा छळासाठीं उपयोग होतो ही तक्रारही तेथें जुनी आहे. परंतु ही रीत नसती, तर धुराडीं साफ करणाऱ्या मुलाप्रमाणें पुष्कळांना रिकामें कोंदण घेऊन घरीं जावें लागलें असतें.

न्यायालयानें प्रकटनाचा हुकूम दिला आणि पक्षकारानें तो पाळलाच नाहीं, किंवा पाळल्याचें नुसतें सोंग केलें, तर काय होतें? याचें एक ठळक उदाहरण अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत २००५ सालीं घडलें.

कोलमन ही तंबू, कंदील, स्टोव्ह असें सहलीचें सामान करणारी अमेरिकेंतील जुनी कंपनी. तिचे शेंकडा ८२ भाग रोनाल्ड पेरलमन या धनाढ्य उद्योगपतीच्या एका कंपनीकडे होते. ३० मार्च १९९८ रोजीं तिनें हे भाग सनबीम या कंपनीला विकले. सनबीम विजेचीं घरगुती उपकरणें आणि अंगणांत मांस भाजण्याच्या शेगड्या तयार करी. मोबदल्यांत कांहीं रोकड आणि सनबीमचे सुमारे १ कोटी ४१ लाख शेअर मिळाले. सनबीमचा मुख्य चालक आल्बर्ट डनलॅप हा नोकरकपातीबद्दल इतका प्रसिद्ध होता कीं, वृत्तपत्रांनीं त्याला यांत्रिक करवतीचें टोपणनांव दिलें होतें. त्यानें बुडत्या कंपनीला वर काढलें असा त्या वेळीं बोलबाला होता, आणि शेअरची किंमत मार्चमध्यें ५० डॉलरच्या वर पोंचली होती.

हा चमत्कार बराचसा कागदावरचा होता. उन्हाळ्यांत लागणाऱ्या शेगड्या दुकानदारांच्या नांवें हिवाळ्यांतच भरघोस सवलतीनें विकल्याचें दाखवावयाचें, माल मात्र गोदामांतच ठेवावयाचा, आणि पुढच्या वर्षाची विक्री चालू वर्षाच्या नफ्यांत धरावयाची, असे प्रकार पुढें उघडकीस आले. अमेरिकेच्या रोखे-नियंत्रण आयोगानें २००१ सालीं केलेल्या आरोपाप्रमाणें, सनबीमनें १९९७ सालीं जाहीर केलेल्या १८ कोटी ९० लाख डॉलर मिळकतीपैकीं निदान ६ कोटी डॉलर हिशेबाच्या लबाडीचे होते. जून १९९८ मध्यें संचालकांनीं डनलॅपला काढून टाकलें. फेब्रुवारी २००१ मध्यें कंपनीनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि कोलमनच्या बदल्यांत मिळालेल्या त्या शेअरांची रद्दी झाली.

दिवाळखोर कंपनीवर दावा लावून हातीं काय येणार? पेरलमनच्या कंपनीनें मे २००३ मध्यें दावा लावला तो मॉर्गन स्टॅन्ले या बड्या पेढीवर. ही पेढी त्या व्यवहारांत सनबीमची सल्लागार होती. इतकेंच नव्हे, तर खरेदीसाठीं लागणारें द्रव्य उभारण्याकरितां सनबीमचे ७५ कोटी डॉलरचे कर्जरोखे बाजारांत आणण्याचें कामही तिनेंच पार पाडलें होतें. सनबीमची लबाडी पेढीला ठाऊक होती आणि तिनें ती झांकण्यास मदत केली, असा वादीचा आरोप होता. पेढीचें उत्तर असें कीं, आम्हीही फसलों, आमचेही पैसे त्यांत बुडाले. दोन्ही गोष्टी संभवनीय होत्या. मार्च १९९८ मध्यें पेढीच्या माणसांना काय ठाऊक होतें, या एकाच प्रश्नावर सगळें अवलंबून होतें, आणि त्याचें उत्तर असलेंच तर त्या दिवसांत त्यांनीं एकमेकांना पाठविलेल्या ई-मेल पत्रांत होतें.

पत्रें जपून ठेवण्याबाबत पेढीची पूर्वपीठिका चांगली नव्हती. रोख्यांचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांनीं अशीं पत्रें पहिलीं दोन वर्षें सहज मिळतील अशा रीतीनें ठेवावीं, असा नियम असतांही बारा महिन्यांनंतर त्यांच्यावर नवीं पत्रें नोंदवून जुनीं पुसून टाकण्याचा प्रघात तेथें चालू होता. सुदैवानें, किंवा पेढीच्या दृष्टीनें दुर्दैवानें म्हणा, संकटकाळासाठीं म्हणून चुंबकीय फितींवर केलेल्या जुन्या नकला शिल्लक होत्या.

१६ एप्रिल २००४ रोजीं न्यायाधीश एलिझाबेथ मास यांनीं हुकूम दिला. तो दोन्ही पक्षांच्या संमतीचा होता, हें ध्यानांत ठेवावें. कांहीं अशक्य ओझें पेढीवर लादलें नव्हतें. व्यवहाराशीं संबंध आलेल्या ३६ नोकरांच्या पत्रांची सर्वांत जुनी पूर्ण नक्कल ज्या फितींवर असेल त्या तपासाव्या. १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल १९९८ या दोन महिन्यांतील पत्रें, तसेंच ठरवून दिलेल्या २९ शब्दांपैकीं एखादा शब्द ज्यांत आढळेल तीं पत्रें, वादीला द्यावीं. आणि हुकूम पूर्णपणें पाळल्याचा लेखी दाखला द्यावा. पेढीनें मे महिन्यांत सुमारे १,३०० पृष्ठें दिलीं आणि २३ जून रोजीं तो दाखलाही दिला.

दाखला खोटा होता. ब्रुकलिन येथील एका जागेंत १,४२३ फिती त्यापूर्वींच सांपडल्या होत्या. त्या तपासल्या गेल्या नव्हत्या, आणि ज्याच्या सहीनें दाखला गेला त्याला ही गोष्ट माहीत होती, असा निष्कर्ष न्यायाधीशांनीं पुढें काढला. नोव्हेंबरमध्यें पेढीच्या वकिलांनीं आणखी फिती मिळाल्याचें पत्र वादीला पाठविलें. पण त्या केव्हां मिळाल्या, कोणाला मिळाल्या आणि आधींचा दाखला मग खरा कसा, या प्रश्नांचें सरळ उत्तर मिळेना. जानेवारी २००५ मध्यें कांहीं फिती निघाल्या, फेब्रुवारींत आणखी निघाल्या. शोध करणारें यंत्रच सदोष असून कांहीं पत्रें त्याच्या तावडींतून निसटलीं, असेंही उघड झालें. सुनावणी तोंडावर आली होती.

कागद हरवणें हा गुन्हा नव्हे. मोठ्या कचेरींत फिती गहाळ होतात, यंत्रें बिघडतात, आणि न्यायाधीशांनाही हें कळतें. फिती सांपडल्या त्याच दिवशीं पेढीनें तसें प्रांजळपणें कळविलें असतें, तर बहुधा थोडी मुदतवाढ आणि थोडा खर्च एवढ्यावर भागलें असतें. न्यायालयाचा विश्वास उडाला तो त्या दाखल्यामुळें. कारण प्रकटनाची सगळी इमारत पक्षकाराच्या शब्दावर उभी असते. दुसऱ्याच्या दप्तरांत काय आहे हें पाहण्यास न्यायाधीश स्वतः जात नाहींत. ‘एवढेंच आहे’ असें पक्षकारानें म्हटलें कीं, तें खरें धरून पुढें चालावें लागतें.

१ मार्च २००५ रोजीं पहिला दंड झाला. फिर्यादीचें म्हणणें फिर्यादीनें सिद्ध करावें, हा सर्वत्र चालणारा नियम न्यायाधीशांनीं उलटा फिरविला. पेढीला लबाडी ठाऊक होती हें वादीनें दाखवावयाचें, त्याऐवजीं ती आपल्याला ठाऊक नव्हती हें पेढीनें दाखवावें, असें ठरलें. आणि पत्रें कशीं दडविण्यांत आलीं याची हकीगत ज्यूरीला वाचून दाखविण्याचेंही ठरलें. पण त्यानंतरच्या तीन आठवड्यांत हुकूमभंगाचीं आणखीही उदाहरणें पुढें आलीं. २३ मार्च रोजीं न्यायाधीशांनीं दुसरें आणि फार जड पाऊल उचललें. पेढीनें सनबीमच्या लबाडींत संगनमत केलें आणि तिला साहाय्य केलें, हा दाव्यांतील भाग सिद्धच झाला असें समजावें. ज्यूरीनें एवढेंच पाहावें कीं, वादी त्या खोट्या चित्रावर विसंबला होता काय आणि त्याचें नुकसान किती झालें.

या दोन पावलांतील अंतर मोठें आहे. पहिल्यांत पेढीला बोलण्यास जागा होती. साक्षीदार आणून आपला निर्दोषपणा पटविण्याची संधि होती. दुसऱ्यांत ती संधि संपली. जें खरें कीं खोटें याचा कधींच निर्णय झाला नाहीं, तें खरें म्हणून ज्यूरीपुढें मांडलें गेलें. असें करणें हा न्याय आहे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल, आणि तो रास्त आहे.

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें पूर्वींच येऊन गेला होता, आणि त्यावरचे दोन निकाल एकत्र वाचण्यासारखे आहेत. १८९७ सालच्या एका खटल्यांत प्रतिवादींनीं न्यायालयांत पैसे भरण्याचा हुकूम मोडला, म्हणून खालच्या न्यायालयानें त्यांची कैफियतच काढून टाकली होती. सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, केवळ अपमानाची शिक्षा म्हणून कोणाची बाजू ऐकून घेण्याचें नाकारतां येणार नाहीं. उलट १९०९ सालीं, आर्कान्सा राज्यांतील एका मांसव्यापारी कंपनीनें कागदपत्रें व साक्षीदार हजर करण्याचें नाकारलें होतें, तेव्हां तिची कैफियत काढून टाकणें त्याच न्यायालयानें योग्य ठरविलें. फरक कोणता? पैसे न भरल्यानें बचाव खोटा ठरत नाहीं. परंतु बचावाच्या खरेपणाची कसोटी ज्या कागदांवर लागणार तेच कागद पुढें न आणणें, ही त्या बचावांत अर्थ नसल्याची कबुलीच मानतां येते. म्हणजे ही शिक्षा रागाची नव्हे, अनुमानाची आहे. लामेरीच्या दुकानांतील खड्याचें जें तत्त्व, तेंच येथें दुसऱ्या वेषांत आलें.

फ्लॉरिडांतील ज्यूरीनें मे २००५ मध्यें निकाल दिला. नुकसानभरपाई सुमारे ६० कोटी ४० लाख डॉलर आणि त्याशिवाय दंडादाखल ८५ कोटी, मिळून १४५ कोटी डॉलरच्या वर रक्कम झाली. बेपर्वाईनें हाताळलेल्या फितींनीं पेढीला केवढ्या खाईंत लोटलें, याची चर्चा वकिलांच्या आणि पेढ्यांच्या कचेऱ्यांतून दीर्घकाळ चालली. ही गोष्ट सांगणारे पुष्कळ जण येथेंच थांबतात. पण ती येथें संपत नाहीं.

२१ मार्च २००७ रोजीं अपील न्यायालयानें दोघांविरुद्ध एक अशा मतानें हा निकाल रद्द केला. प्रकटनाच्या शिक्षेला हात लावण्याची त्याला गरजच पडली नाहीं. त्याचें म्हणणें निराळेंच होतें. फसवणुकीनें मालाची देवघेव झाली असतां, सौद्याच्या दिवशीं माल जसा असल्याचें भासविलें तशी त्याची किंमत, आणि त्या दिवशीं तो खरोखर जसा होता तशी त्याची किंमत, या दोहोंतील अंतर हें फ्लॉरिडाच्या कायद्यांत नुकसानीचें माप आहे. ३० मार्च १९९८ रोजीं, लबाडी वजा करून, सनबीमच्या शेअरची खरी किंमत किती होती, याचा पुरावा वादीनें दिलाच नव्हता. लबाडी बाहेर पडल्यानंतर किंमत कोसळली हें खरें. पण कोसळणाऱ्या किंमतींत इतर कारणांचाही भाग असतो. माप सिद्ध नाहीं, म्हणून भरपाई नाहीं. आणि भरपाई नाहीं, म्हणून वरचा दंडही नाहीं. पेढीच्या बाजूनें निकाल द्यावा, असा आदेश झाला. त्याच वर्षीं डिसेंबरमध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण ऐकण्याचें नाकारलें, आणि वादीच्या हातीं अखेर एक डॉलरही पडला नाहीं.

वरवर पाहणाऱ्याला वाटेल कीं लबाडी पचली. पण लंडनच्या त्या निकालाशीं ताडून पाहिलें म्हणजे अपील न्यायालयाचें म्हणणें समजतें. सराफानें दडविला तो खडाच. म्हणून खड्याच्या किंमतीबद्दलचें अनुमान त्याच्याविरुद्ध गेलें. पेढीनें दडविलीं तीं पत्रें. त्यांतून फार तर पेढीला काय ठाऊक होतें एवढें कळलें असतें, आणि त्याबद्दलचें अनुमान पेढीविरुद्ध गेलेंही. शेअरची त्या दिवसाची खरी किंमत मात्र त्या फितींत नव्हती. ती जाणकारांकडून हिशेब करवून वादीला स्वतःलाच सिद्ध करतां आली असती. दडविलेल्या कागदानें पुराव्यांत जेवढें भगदाड पाडलें तेवढेंच अनुमानानें बुजवावें. वादीच्या स्वतःच्या हलगर्जीचें भगदाड त्याच मातीनें बुजवितां येत नाहीं. पेरलमनच्या वकिलांना, पेढीला दोषी धरण्यांत मिळालेल्या यशानें, उरलेल्या कामाची निकड तितकीशी भासली नसावी. मिळालेला विजय पुष्कळदां असा झोंपवितो.

पेढीही अगदीं मोकळी सुटली नाहीं. मागितलेलीं ई-मेल पत्रें वेळेवर न दिल्याच्या आरोपावरून रोखे-नियंत्रण आयोगाशीं तिनें मे २००६ मध्यें तडजोड केली आणि आरोप मान्य वा अमान्य न करतां १ कोटी ५० लाख डॉलर भरले. पुढें २०१५ सालीं अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयांच्या नियमांत बदल झाला. विद्युत्-यंत्रांतील नोंदी नष्ट झाल्या असतां त्यांत प्रतिकूल मजकूरच होता असें अनुमान करण्यापूर्वीं, प्रतिपक्षाला त्यांपासून वंचित करण्याचा हेतु होता असें न्यायालयाला आढळलें पाहिजे. निष्काळजीपणा आणि लबाडी यांतील भेद अशा रीतीनें नियमांतच लिहिला गेला.

इंग्रजी कायद्याची हीच परंपरा भारतांत आली असल्यामुळें हे सर्व प्रश्न येथील न्यायालयांनाही नवे नाहींत. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेचा अकरावा आदेश प्रकटनासंबंधीं आहे, आणि त्याच्या एकविसाव्या नियमांत शिक्षा सांगितली आहे. हुकूम मोडणारा वादी असेल तर त्याचा दावा काढून टाकतां येतो. प्रतिवादी असेल तर त्याची कैफियत काढून टाकून, त्यानें बचाव केलाच नाहीं असें समजून काम चालवितां येतें. तत्पूर्वीं नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकावें लागतें. दावा अशा रीतीनें निघाला, तर त्याच कारणावरून पुन्हां दावा आणण्यासही मज्जाव आहे. धंदा विकणाऱ्यानें खरेदीदारावर राहिलेल्या रकमेसाठीं दावा लावला आणि हिशेबाच्या वह्या दाखविण्याचा हुकूम होऊनही त्या दडवून ठेवल्या, तर त्याची रक्कम कायमची बुडूं शकते.

नियम इतका कडक असूनही त्याचा वापर विरळा होतो. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बब्बर सूइंग मशीन कंपनीच्या खटल्यांत सांगितलें कीं, हें अगदीं शेवटचें हत्यार आहे. हुकूमभंग हेतुपुरस्सर आणि हट्टाचा असेल तरच तें उगारावें. या सावधपणाचा एक परिणाम येथील वकिलांना चांगला परिचित आहे. ज्याला वेळ काढावयाचा असतो तो हुकूम सरळ मोडीत नाहीं. तो मुदत मागतो, अर्धे कागद देतो, पुन्हां मुदत मागतो. अशा माणसाला हट्टी ठरविणें कठीण असतें.

म्हणून भारतीय न्यायाधीश अधिक वेळां दुसऱ्या, सौम्य साधनाकडे वळतात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११४ व्या कलमांत असें सांगितलें होतें कीं, जो पुरावा देतां आला असता पण दिला नाहीं, तो न देणाऱ्याला प्रतिकूलच असता असें न्यायालय गृहीत धरूं शकतें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली असून, हें तत्त्व त्याच्या ११९ व्या कलमांत कायम राहिलें आहे. कल्याण परिसरांतील एका जमिनीच्या वादांत १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असेंही स्पष्ट केलें कीं, सिद्ध करण्याचा भार आपल्यावर नाहीं असें म्हणून पक्षकारानें हातांतले महत्त्वाचे कागद खिशांत ठेवूं नयेत. ठेवल्यास त्याच्याविरुद्ध अनुमान होईल. २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यानें मोठ्या व्यापारी वादांपुरता अकरावा आदेशच नव्यानें लिहिला. आतां अशा दाव्यांत हुकुमाची वाट पाहावयाची नाहीं. अनुकूल आणि प्रतिकूल अशीं सर्व कागदपत्रें दाव्याबरोबर किंवा कैफियतीबरोबरच द्यावयाचीं, आणि आपल्यापाशीं आणखी कांहीं नाहीं असें प्रतिज्ञेवर सांगावयाचें. जो कागद तेव्हां दिला नाहीं, त्यावर पुढें न्यायालयाच्या परवानगीवांचून विसंबतां येत नाहीं.

कैफियत काढून टाकली म्हणजे प्रतिवादीच्या तोंडाला कुलूपच लागतें, असा समज सर्वत्र आढळतो. १९८८ सालीं कलकत्त्याकडील एका भाडेकरूच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें तो दूर केला. तेथें प्रश्न कागदांचा नसून थकलेल्या भाड्याचा होता. पण शिक्षा हीच, कैफियत काढून टाकण्याची. अशा प्रतिवादीला स्वतःचा पुरावा देतां येणार नाहीं. मात्र वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करण्याचा आणि वादीचें म्हणणें त्याच्याच पुराव्यावरून सिद्ध होत नाहीं असा युक्तिवाद करण्याचा त्याचा हक्क राहतो, असें न्यायालयानें ठरविलें.